मोतीबिंदूच्या तपासणीत कोरड्या डोळ्याची चाचणी कुठे बसवायची?

नेत्रसहाय्यक_तालुका: आमच्याकडे ऑपरेशनआधीचा क्रम असा: नजर, टोनोमेट्री (डोळ्याचा दाब), सिरिंजिंग (अश्रूनलिका मोकळी आहे का ते बघणं), बाहुली मोठी करणारे थेंब, मग के रीडिंग (कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची वक्रता) आणि ए-स्कॅन (डोळ्याची लांबी). सगळ्यांची शर्मर (कागदाची पट्टी लावून अश्रू मोजायची चाचणी) केली तर एकेकाची पाच मिनिटं जातात. काय करावं?

स्लिटलॅम्प: शर्मरचं नंतर बघू, आधी क्रम बदला. के रीडिंग नजरेच्या लगेच नंतर, डोळ्यात एकही थेंब पडण्याआधी. बधिर करणारं औषध आणि टोनोमीटरचा स्पर्श यांनी अश्रूंचा थर विस्कटतो. के एक डायॉप्टर (नंबराचं एकक) चुकलं की ऑपरेशनमध्ये बसवायच्या लेन्सच्या नंबरातही जवळपास तेवढीच चूक. तीन रीडिंग घ्या. त्यांत अर्ध्या डायॉप्टरहून जास्त फरक आला, तर आधी कोरडेपणाचा संशय घ्यायचा, मशीनचा नंतर. पुढचा क्रम: टीबीयूटी (अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते बघणं), शर्मर, टोनोमेट्री, सिरिंजिंग, आणि स्पर्शाचा ए-स्कॅन शेवटी.

कोबाल्ट_निळा: टीबीयूटी सगळ्यांची करा, मिनिटभराचं काम आहे. फ्लुरोसीनची (अश्रूंना रंग देणारी) पट्टी सलाइनने ओली करून झटकायची आणि खालच्या पापणीच्या आत नुसती टेकवायची. थेंबच सोडलात तर वेळ खोटा लांबतो. दोनतीनदा पापण्या मिटायला लावून मग रोखून बघायला सांगा, पहिला काळा डाग दिसेपर्यंत सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी दहाच्या खाली आली, तरच शर्मर. तीही बधिर न करता, पट्टी पापणीच्या बाहेरच्या तिसऱ्या भागात: पाच मिनिटांत पाच मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणी नक्कीच कमी. आणि हो, डोक्यावरचा पंखा बंद!

नेत्रसहाय्यक_तालुका: पण ‘डोळ्यातून सारखं पाणी येतं’ म्हणणारे? त्यांना तर सरळ सिरिंजिंगला पाठवतो.

स्लिटलॅम्प: कोरड्या डोळ्याची चुरचुर झाली की पाणी उलट जास्तच येतं. त्यांचीही टीबीयूटी कराच.

पापणी_शेक: पापणीच्या कडेच्या तेलग्रंथीही दाबून बघा, पण सगळ्यात शेवटी. टूथपेस्टसारखा घट्ट स्राव निघाला तर गरम शेक, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. सोबत प्रिझर्वेटिव्ह नसलेलं कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज (कृत्रिम अश्रूंचे थेंब) चार ते सहा वेळा. दोन-चार आठवड्यांनी के पुन्हा. रीडिंग जुळेपर्यंत लेन्सचा नंबर काढू नका. केसपेपरवर ‘कोरडा डोळा’ ठळक लिहा. एक तर ऑपरेशनच्या वेळचं जंतुनाशक पोव्हिडोन आयोडीन नीट धुतलं जाईल. दुसरं, संधिवाताच्या पेशंटला ऑपरेशननंतर केटोरोलॅक (सूज कमी करणारे थेंब) सवयीने लिहिलं जाणार नाही. अशा डोळ्यात त्याने कॉर्निया विरघळू शकतो.