जेसीबी, पोकलेन आणि आपली पहार

एकांनी विचारलंय, जेसीबी तासावर मिळतो तर टिकाव-फावडं ठेवायचं कशाला? आधी एक गंमत. आपण साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या प्रत्येक खोदयंत्राला 'पोकलेन' म्हणतो, पण ते मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. पुढे लोडर, मागे खोदायचा हात, टायरवर पळणारा तो जेसीबी. चिखलात आणि उतारावर पोकलेनच बरं.

आता मुद्दा. गेल्या उन्हाळ्यात आमच्या बांधाकडेची चारी जेसीबीने काढली. दोन तासांत काम फत्ते, पण बकेटच्या दातात जुनी पीव्हीसी लाइन आली आणि पाण्याचं कारंजं उडालं! ऑपरेटरला वर बसून कळणार तरी कसं? पहार मारताना हाताला कळतं, मुरमात 'खच्च' आणि दगडावर 'टण्ण'. मग पाइपाभोवतीची माती कुदळीने हळू सोडवून घमेल्याने काढली, तेव्हा जोड बसला.

शिवाय रोजगार हमीच्या कामात मजुराची जागा घेणारं यंत्र चालत नाही. तिथे मजुरी मिळणं हाच हेतू. विहिरीला काळा पाषाण लागला तर मात्र ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचं यंत्र लावा, पहारीने पाठच मोडेल.