१५ फेब्रुवारी २००३ : एवढे लोक रस्त्यावर आले, मग गाणे का उरले नाही?

जुनीपाने :
युद्धविरोधी गाण्यांविषयी एक लहानसे मराठी संकेतस्थळ मी हौसेखातर चालवतो. व्हिएतनामचा विभाग लिहिताना हात भराभर चालला, पण इराकपाशी येऊन तो अडला आहे. २००२ च्या नोव्हेंबरात फ्लॉरेन्सला भरलेल्या युरोपीय सामाजिक मंचातून, म्हणजे युरोपातल्या चळवळींच्या मेळाव्यातून, हाक निघाली आणि १५ फेब्रुवारी २००३ या एका दिवशी रोमपासून न्यूयॉर्कपर्यंत, अगदी अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरही, लोक इराकवरच्या युद्धाविरुद्ध उभे राहिले. लंडनचा मोर्चा पोलिसांच्या हिशेबाने साडेसात लाखांचा होता आणि आयोजकांचा आकडा त्याहून बराच मोठा होता. कलावंतही गप्प नव्हते. बीस्टी बॉइज आणि आर.ई.एम. या अमेरिकी बँडांनी युद्धाविरुद्धची नवी गाणी मार्चमध्ये आपापल्या संकेतस्थळांवरून फुकट वाटली. तरीही त्यांतले एखादे आज कोणी गुणगुणताना मी ऐकलेले नाही. याउलट बीटल्सच्या जॉन लेननने १ जून १९६९ रोजी मॉन्ट्रियलच्या एका हॉटेलच्या खोलीत, बिछान्यात बसून ध्वनिमुद्रित केलेले ‘गिव्ह पीस अ चान्स’ हे गाणे त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या सभेत लाखोंच्या तोंडी होते. २००३ चे कलावंत कमी पडले, की काळच बदलला होता? माझ्या पानाचे तात्पुरते शीर्षक ‘अयशस्वी गाणी’ असे आहे, पण ते लिहिल्यापासून मलाच खटकते आहे.

टाळकरी :
माझे आजोबा एका शाहिराच्या मागे झील धरत असत, म्हणजे त्याचे ध्रुवपद मागून उचलून म्हणत. शाहीर कितीही पल्लेदार आवाजाचा असला, तरी मागे झीलकरी नसतील तर पोवाडा उभा राहत नाही, असे ते म्हणत. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तिथेच दिसते. वॉशिंग्टनच्या त्या सभेत लेनन नव्हताच. लोकगायक पीट सीगरने त्याच्या गाण्याचे ध्रुवपद धरले आणि तेवढीच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. त्या गाण्याची कडवी आठवून पाहा. ती म्हणजे निरनिराळ्या नावांची आणि ‘वादां’ची गंमतशीर भेळ आहे, ती कोणालाही पाठ नसते आणि असण्याची गरजही नाही. जमावाच्या वाट्याला ध्रुवपद येते आणि ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या खेपेस म्हणता येते.

२००३ ची आपण सांगितलेली गाणी या कसोटीवर लावून पाहा. एक रॅप आहे, म्हणजे शब्दांची घाई. दुसरे संथ आणि आत वळलेले. दोन्ही ऐकायची ती संगणकापुढे, एकट्याने, कानाला यंत्र लावून. त्यांना श्रोते मिळाले, झीलकरी मिळाले नाहीत. जानेवारी २००४ मध्ये विश्व सामाजिक मंच ब्राझीलबाहेर प्रथमच भरला, तो गोरेगावच्या नेस्को मैदानावर. तेव्हा मी तिथे तीन दिवस धूळ खाल्ली. पाकिस्तानच्या जुनून बँडला व्यासपीठ होते आणि त्याचे कौतुकही झाले. पण माझ्या लक्षात राहिला तो तंबूंमधल्या रस्त्यांवरचा ढोल, आणि भाषा न कळणाऱ्यांनीही तिसऱ्या आवर्तनाला उचललेल्या घोषणा.

खडाष्टक :
झीलेची उपमा सुरेख आहे, पण ती सगळा भार चालीवर टाकते आणि माणसे गातात कशासाठी, हे विसरते. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून तरुणांचा सैन्यभरतीचा क्रम ठरवण्यात आला. मोर्चातला मुलगा गात होता तेव्हा त्याच्या स्वतःच्या मानेवर सुरी होती. २००३ मध्ये सक्तीची भरती बंद होऊन तीस वर्षे झाली होती. इराकला जाणारे स्वेच्छेने सैन्यात गेलेले होते आणि मोर्चातल्या बहुतेकांना सोमवारी कामावर जायचे होते.

दुसरी गोष्ट रेडिओची. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीकडे देशभरात किती केंद्रे असावीत याची मर्यादा उठवली आणि काही वर्षांतच क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेहून अधिक केंद्रे जमा झाली. १० मार्च २००३ रोजी डिक्सी चिक्स या कंट्री बँडच्या नॅटली मेन्सने लंडनच्या रंगमंचावरून, राष्ट्राध्यक्ष आपल्याच टेक्सासचे असल्याची आपल्याला लाज वाटते, अशा अर्थाचे एक वाक्य म्हटले. तेवढ्यावरून कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाच्या, संगीताच्या अनेक केंद्रांनी त्यांची गाणी वाजवणे थांबवले. क्युम्युलस या दुसऱ्या साखळीने तर आपल्या सगळ्या कंट्री केंद्रांना तसे फर्मानच काढले. त्या वेळी त्यांचे जे गाणे यादीत अव्वल होते, ते व्हिएतनामला गेलेल्या एका सैनिकाची वाट पाहणाऱ्या मुलीचे होते. सैनिकाविषयी कळवळा असलेले गाणे सैनिकांच्या सन्मानासाठी बंद पडले, यावर मी आणखी काय बोलू! २००७ मध्ये त्यांना पाच ग्रॅमी संगीत पुरस्कार मिळाले, पण तोवर युद्धाला चार वर्षे होत आली होती. आकाशवाणीच्या एका ‘विविध भारती’वर वाढलेल्या आपल्या पिढीला ही नाकेबंदी समजायला अवघड जाऊ नये.

आणि ‘अयशस्वी’ हा शब्द कृपया काढा. वॉशिंग्टनच्या त्या सामूहिक गायनानंतरही अमेरिका व्हिएतनाममध्ये तीन वर्षांहून अधिक काळ लढत राहिली. ते लढणे संपवणारा पॅरिसचा करार जानेवारी १९७३ चा आहे. युद्ध थांबवणे हेच माप लावायचे, तर लेननही नापास होतो.

सातासमुद्रापार :
त्या वर्षी मी न्यू जर्सीत होतो आणि तिथल्या एका मराठी मंडळाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे होती. घरी डायल-अप जोडणी होती. चार मेगाबाइटचे एक गाणे उतरवायला दहा-बारा मिनिटे लागत आणि मध्ये कोणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. टाळकरी म्हणतात ते ‘एकट्याने ऐकणे’ मी अक्षरशः अनुभवले आहे.

तरीही २००३ ला झील मिळाली नाही, हे मला मान्य नाही. ती गाण्याला मिळाली नाही, एवढेच. न्यूयॉर्कच्या दोन अभिनेत्रींनी जानेवारीत ठरवले, की ॲरिस्टोफेनीसचे ‘लायसिस्ट्राटा’ हे नाटक युद्धाच्या निषेधार्थ ठिकठिकाणी एकाच दिवशी वाचायचे. ख्रिस्तपूर्व ४११ मधले हे नाटक, त्यात ग्रीक बायका नवऱ्यांना शय्यासुखापासून दूर ठेवून तह करायला लावतात. दोघींनी एक संकेतस्थळ उभारले, संहिता मिळवण्याची सोय केली, आणि प्रयोग कसा करायचा हे ज्याचे त्याच्यावर सोपवले. ३ मार्चला ५९ देशांत एक हजाराहून जास्त वाचने झाली. कोणी नाट्यगृहात वाचले, कोणी दिवाणखान्यात. खडाष्टक यांच्या रेडिओच्या नाकेबंदीला इथे वावच नव्हता, कारण वाजवणारा मध्ये कोणी नव्हता.

आमच्या गावच्या वाचनाची चार ओळींची सूचना मी मंडळाच्या पानावर लावली. दुसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ पदाधिकाऱ्यांचा फोन आला : ‘अहो, इथे अर्ध्या लोकांचे व्हिसा टांगणीला आहेत, आपल्याला हे झेपणारे नाही.’ मी सूचना उतरवली आणि तिथे गुढीपाडव्याच्या जेवणाचे दर लावले. त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे आज कळते. तेव्हा राग आला होता आणि मीही फारसा भांडलो नाही. वाचनाला मात्र गेलो. वाचनालयाच्या तळघरात सुमारे तीस माणसे होती, आणि स्पार्टाच्या दूताची वाक्ये माझ्या वाट्याला आली होती.

जुनीपाने :
तिघांचेही आभार. ‘अयशस्वी’ काढले आहे. खडाष्टक यांचे रेडिओविषयीचे म्हणणे स्वतंत्र पान मागते, ते पुढच्या महिन्यात लिहीन. पण गाण्यांच्या पानावर नाटक घ्यावे की नाही, हा माझ्यापुढे आता खराच पेच आहे. घेतले तर टाळकरी यांची झील तिथे शब्दशः वापरण्याची परवानगी हवी. आणि सातासमुद्रापार, आपण उतरवलेली ती सूचना कुठे जपून ठेवलेली आहे का?

टाळकरी :
खुशाल वापरा. आजोबांचे नाव नको, ‘एक झीलकरी’ एवढे पुरे.

सातासमुद्रापार :
मंडळाची जुनी पाने इंटरनेट अर्काइव्हमध्ये पाहिली. तिथे जेवणाचे दर आहेत, सूचना नाही. ती जेमतेम एक दिवस होती. मूळ फाइल एका सीडीवर असावी, आणि ती सीडी सांगलीच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. दिवाळीत जाणार आहे, तेव्हा शोधतो.