तेजस नेटवर्क्स : ऑर्डर संपली की कंपनीचा जोर संपला?

मोबाइल आणि फायबर नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या तेजस नेटवर्क्सचे आकडे आधी मांडतो. 2023-24 मध्ये महसूल 2,471 कोटी. 2024-25 मध्ये थेट 8,923 कोटी, नफा 447 कोटी. आणि 2025-26 ची पहिली तिमाही : महसूल 202 कोटी, तोटा 194 कोटी. दुसरीत महसूल 262 कोटी, तोटा 307 कोटी. लगेच सगळे म्हणायला लागले, फुगा फुटला. मला हे अजिबात पटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये टीसीएसकडून 7,492 कोटींची ऑर्डर मिळाली होती, बीएसएनएलच्या एक लाख साइट्ससाठी 4जीची रेडिओ उपकरणं (टॉवरवर बसून मोबाइलशी सिग्नलची देवाणघेवाण करणारी). तो माल पोचला, म्हणून आकडा उतरला. माल नाकारला गेला म्हणून नाही. हा फरक लक्षात घ्या, एवढंच म्हणणं आहे.

प्रतिसाद 1
अहो, ऑर्डर संपली की कंपनी आडवी होते, हेच तर दुखणं आहे! संशोधन विभागातल्या इंजिनियरांचा पगार ऑर्डर येईपर्यंत थांबत नाही. शिवाय दुसरा मोठा ग्राहक कुठाय? सप्टेंबर 2024 मध्ये व्होडाफोन आयडियाने सुमारे 30,000 कोटींचं काम दिलं, ते नोकिया, एरिक्सन आणि सॅमसंगला. जिओने स्वतःचा 5जी स्टॅक, म्हणजे नेटवर्कचं स्वतःचं तंत्रज्ञान, उभा केलाय. मग फिरून फिरून बीएसएनएलच. नफा कागदावर दिसतो, पण येणी, म्हणजे ग्राहकाकडे अडकलेले पैसे, वसूल होईपर्यंत कंपनी कर्जावर चालते.

प्रतिसाद 2
मी अशा साइट्सवर काम केलंय, म्हणून लिहितोय. टॉवरवर तीन सेक्टरचे रेडिओ चढवायचे, केबलला वॉटरप्रूफ टेप गुंडाळायची, रेडिओचा नेटवर्कशी सिंक (मेळ) लागेपर्यंत खाली लॅपटॉप उघडून बसायचं, मग ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे गाडीतून फिरत सिग्नल तपासणं. रेडिओ तेजसचा, कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेचा, जोडणी टीसीएसची. हे तिन्ही एकमेकांशी बोलायला लावणं सोपं नव्हतं. आज ते हजारो टॉवरवर चालू आहे. हा अनुभव विकत मिळत नाही, आणि दुसऱ्या देशातला ऑपरेटर आधी हेच विचारतो : कुठे चालवलंय?

प्रतिसाद 1
तुमच्या कामाबद्दल आदरच आहे. पण नॉर्टेल ही कॅनडाची टेलिकॉम उपकरणांची कंपनी आठवा. 2009 च्या जानेवारीत दिवाळखोरीत गेली, आणि 2011 मध्ये तिची पेटंटं साडेचार अब्ज डॉलरला विकली गेली. म्हणजे तंत्रज्ञान खणखणीत होतं, तरी कंपनी बुडाली. या धंद्यात चांगला माल ही पहिली पायरी. पुढे उधारीचा कालावधी, मालाचा साठा आणि पुढची ऑर्डर, यातच जीव जातो.

धागाकर्ता
नॉर्टेलचा मुद्दा मान्य, पण तिच्यामागे टाटा नव्हते. 2021 पासून पॅनाटोन या आपल्या कंपनीमार्फत ते तेजसमध्ये आहेत, त्यामुळे एखादं वाईट वर्ष निभावेल. दुसरं म्हणजे तेजसचा मूळ पिंड रेडिओचा नाहीच. 2000 साली बेंगळुरूत सुरू झाली ती ऑप्टिकलवर, म्हणजे फायबरमधून प्रकाशाने डेटा पाठवणाऱ्या उपकरणांवर. डेटा वाढतोय तोवर फायबरवरची उपकरणं लागणारच, आणि तिथे ग्राहक एकटा बीएसएनएल नाही. बीएसएनएलच्या आणखी 18,685 साइट्ससाठी 1,526 कोटींची वाढीव ऑर्डर आहे, पण ती मी माझ्या बाजूने मोजत नाही. ग्राहक तोच आहे, तुमचा आक्षेप तिथे खरा ठरतो. मी बघणार आहे ते बीएसएनएल वगळून ऑर्डरबुकात (हातातल्या, अजून पुऱ्या न झालेल्या ऑर्डरींत) काय उरतं ते. दर तिमाहीला इथे टाकेन.

प्रतिसाद 1
टाका. त्याच्या शेजारी येणीही लिहा.