३४ संघ, २ मैदानं, ३ डिव्हिजन: शहराच्या फुटबॉल लीगची आखणी कशी करावी?

कडेची_रेष
आमच्याकडच्या ३४ संघांची आजवर बाद पद्धतीची स्पर्धा होत आली. यंदापासून तीन डिव्हिजनची साखळी करायची आहे. मोठी मैदानं दोनच, शनिवार-रविवार धरून २२ आठवडे. संघ कसे विभागायचे, कार्यक्रम कसा लावायचा, हंगामाअखेर किती संघ वरच्या-खालच्या डिव्हिजनमध्ये पाठवायचे? नियमावलीत हमखास राहून जाणाऱ्या गोष्टीही सांगा.

वेळापत्रकवाला
संघ मोजण्याआधी जागा मोजा, म्हणजे एकूण किती सामने बसतात ते. ४५-४५ मिनिटं, १५ मिनिटांचं मध्यांतर, भरपाईची वेळ आणि पुढच्या संघांचा वॉर्म-अप धरला तर एका सामन्याला सव्वादोन तास जातात. उजेडात दिवसाला तीन सामने निवांत बसतात, चौथा ओढूनताणून. म्हणजे दोन मैदानं, दोन दिवस, तीन सामने: आठवड्याला १२ जागा, २२ आठवड्यांत २६४.

१०-१२-१२ करा. पहिल्या डिव्हिजनमध्ये प्रत्येकाशी दोनदा: १८ फेऱ्या, ९० सामने. खालच्या दोन्हींत एकदाच: प्रत्येकी ११ फेऱ्या, ६६ सामने. एकूण २२२. दुसरी आणि तिसरी डिव्हिजन आलटून-पालटून आठवड्याला खेळवा (६ सामने), पहिलीचे ५ सामने त्याच आठवड्यात. ११ झाले, एक जागा मोकळी. पहिलीला चार आठवडे सुट्टी मिळते, पण ती शेवटी साठवू नका. पाचवा, दहावा, पंधरावा, विसावा आठवडा तिच्यासाठी मोकळा ठेवा. पावसात वाहून गेलेले सामने तिथे बसतात. सगळं शेवटी ढकललं की एखाद्या संघाला पाच दिवसांत तीन सामने खेळावे लागतात आणि मग तो येतच नाही.

जोड्यांसाठी वर्तुळ पद्धत. सहा संघांवर करून बघा: पहिली फेरी १–६, २–५, ३–४. एक नंबर जागचा हलवायचा नाही, बाकीचे एकेक घर सरकवायचे: १–५, ६–४, २–३. मग १–४, ५–३, ६–२. कुणी माघार घेऊन संघ विषम झाले तर एक ‘विश्रांती’ नावाचा संघ धरा. ज्याची गाठ त्याच्याशी, तो त्या फेरीत बसतो. नंबर सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून द्या, नाहीतर ‘आम्हालाच सकाळचा सामना का’ हे भांडण वर्षभर पुरतं.

तिसरी_चिठ्ठी
वर-खाली: दोन थेट खाली, दोन थेट वर. खालून तिसरा आणि वर येऊ पाहणारा तिसरा यांच्यात एक निर्णायक सामना ठेवलात तर मधल्या संघांना शेवटपर्यंत खेळायला कारण राहतं. दहाच्या डिव्हिजनमधून चार खाली पाठवू नका, दरवर्षी निम्मा तक्ता बदलतो.

खरी गुंतागुंत ‘अ’ आणि ‘ब’ संघांची. एका क्लबचे दोन संघ एका डिव्हिजनमध्ये नकोत, हे सगळे लिहितात. पण ‘अ’ दुसरीत घसरला आणि ‘ब’ तिथेच आहे, तर काय? ‘ब’ पाचवा आला असला तरी तिसरीत जाणार, हे आधी लिहून ठेवा. ‘ब’ने वर जायची जागा मिळवली आणि वर ‘अ’ असेल तर ती संधी खालच्या क्रमांकाला. फक्त चौथ्यापर्यंतच, त्यापुढे कुणाला वर न घेता घसरणाऱ्या संघालाच वर राखा.

हंगामात माघार: निम्म्यापेक्षा कमी सामने खेळून संघ गेला तर त्याचे सगळे निकाल पुसून टाकायचे. निम्मे किंवा जास्त झाले असतील तर उरलेले सामने प्रतिस्पर्ध्याला ३–०. निकाल पुसले तरी त्या सामन्यांतली कार्डं मात्र राहतात. हे वाक्य नसेल तर शिक्षा झालेला खेळाडू हटकून वाद घालतो.

दुसरं_पिवळं
गुणांची बरोबरी: विजयाला ३, बरोबरीला १. (इंग्लंडमध्ये हे १९८१ पासून, विश्वचषकात १९९४ पासून.) दोन संघ समान झाले तर आधी आपसातला निकाल, मग गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल) असं माझं मत. आपल्यासारख्या लीगमध्ये गोलफरकाला अर्थ उरत नाही: एकाला समोरचा संघ आलाच नाही म्हणून वॉकओव्हरचे ३–०, दुसऱ्याने आठ खेळाडूंच्या संघाला ९–० हरवलेलं. तीन संघ समान असतील तर त्यांच्यातल्याच सामन्यांचा छोटा तक्ता. त्यातून एक सुटला की उरलेल्या दोघांना पुन्हा पहिल्या निकषापासून लावायचं की पुढच्या, तेही लिहा. विजेतेपद किंवा घसरण यावर अडलं तर सरळ निर्णायक सामना.

शेवटची फेरी एकाच वेळी. १९८२ च्या विश्वचषकात अल्जेरियाचे सामने आदल्या दिवशी संपले होते. पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियाला १–० हरवलं की दोघेही पुढे जाणार हे मैदानात उतरतानाच ठाऊक होतं, आणि नेमकं तेच झालं. दोन मैदानांवर पाच सामने एकदम लागणार नाहीत; ज्यांवर वर-खाली ठरतं असे दोन निवडा, त्यांचा किक-ऑफ एका मिनिटाला.

कार्डं: चार पिवळी झाली की एक सामना बंदी. एकाच सामन्यात दोन पिवळ्यांचं लाल झालं तर ती दोन या मोजणीत धरायची नाहीत. आणि मोठं भोक: ‘अ’चा बंदी असलेला खेळाडू ‘ब’च्या सामन्यात बाहेर बसून बंदी संपवतो. बंदी ज्या संघात मिळाली त्याच्याच पुढच्या सामन्यात भोगायची. तोवर दुसऱ्या संघातही खेळायचं नाही. पुढचा सामना वॉकओव्हर झाला तर तो मोजायचा नाही.

सामनापत्रक ३० मिनिटं आधी पंचांकडे, फोटोच्या यादीशी ताडून. तक्रार ४८ तासांत आणि लेखीच. सातपेक्षा कमी खेळाडू असतील तर सामना सुरू होत नाही, मध्येच सहा उरले तर थांबतो. हा खेळाचाच नियम.

कडेची_रेष
जागांचा हिशेब पटला. पावसामुळे ७० व्या मिनिटाला २–० वर सामना थांबला तर?

दुसरं_पिवळं
तुमच्या नियमावलीत वेगळं नसेल तर खेळाच्या नियमांप्रमाणे पूर्ण सामना पुन्हा, ०–० पासून. दोन गोलने मागे असलेला संघ मग ढगांकडे बघत वेळ काढतो. म्हणून लिहा: त्याच मिनिटापासून, त्याच स्कोअरवर, त्याच खेळाडूंनिशी, कार्डं आणि झालेले बदल कायम. पंचांनी चेंडू कुठे होता, थ्रो कोणाचा होता हे सामनापत्रकाच्या मागे तिथल्या तिथे टिपून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्यायच्या.