प्रति: ३०६० की ४०६०? (एनव्हिडियाची आरटीएक्स ग्राफिक्स कार्डं)
४०६० सरासरी वीसेक टक्के वेगवान आहे म्हणून ३०६० चा विषयच संपला, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. १०८०पी (फुल एचडी) गेमिंगपुरतं पटतं. पण तो आकडा नव्या मदरबोर्डवरचा. ४०६० ला पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) ८ च लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, आहेत, ३०६० ला १६. आपल्याकडे बेळगावात शहापूर-टिळकवाडीतल्या बऱ्याच पोरांकडे अजून एएमडीचा बी४५० बोर्ड नाहीतर इंटेलचा दहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर आहे, म्हणजे जुनं, कमी वेगाचं पीसीआयई ३.०. तिथे ४०६० ला सेकंदाला जेमतेम ८ जीबीची वाट मिळते. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरेल तोवर फरक जाणवत नाही. ती भरली की टेक्स्चर (गेममधल्या पृष्ठभागांची चित्रं) याच वाटेने कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढावे लागतात आणि गेम अडखळायला लागतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघून हे कळत नाही, एक टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) बघा. ३०६० ची मेमरी १२ जीबी, तिची बसही (मेमरीकडे जाणारी वाट) १९२ बिटची (४०६० ची १२८). निपाणीत माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टायटलही बनवतो. या जास्तीच्या मेमरीसाठी त्याला मी ३०६० च घ्यायला लावलं.

उलट बाजूही सांगतो, कारण ती कुणीच काढली नाही: वीज. ४०६० ११५ वॅटचं, ३०६० १७० चं. खानापूरकडे पावसाळ्यात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस (लाईट गेल्यावर थोडा वेळ वीज देणारी बॅटरी), जो प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. मॉनिटरसकट ३०६० वर गेम चालू असताना लाईट गेली तर तो टेकीला येतो. बोर्ड नवा असेल आणि फक्त खेळायचंच असेल, तर खुशाल ४०६० घ्या.