मदत हवी आहे: हॉटेलच्या सांडपाण्यासाठी बायोचार फिल्टर

मंडळी, नमस्कार. नागपुरात धरमपेठेत आमचं लहानसं हॉटेल आहे. आंघोळीचं, बेसिनचं अन् लॉन्ड्रीचं पाणी संडासाच्या लाइनपासून वेगळं काढलंय. ते बायोचारमधून (हवा कोंडून भाजलेल्या काडीकचऱ्याच्या कोळशातून) गाळून फ्लशला आणि झाडांना वापरायचंय. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, टँकर मागवावे लागतात, अन् इकडे फेसाळ पाणी सरळ गटारात जाताना पाहून जीव तुटतो.

कच्चा माल गावाकडे भरपूर. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) धुऱ्यावर जाळूनच टाकतात. तीच पऱ्हाटी हवा कोंडून ४०० ते ५०० अंशांवर भाजली की सच्छिद्र कोळसा मिळतो. साबणाचा अंश त्याला चिकटतो, शिवाय त्यावर वाढणारे जिवाणू घाण खातात. चाचणीच्या बादलीत पहिलं पाणी मात्र काळंभोर आलं, चार-पाचदा धुतल्यावर निवळलं.

अडतंय ते कोळशाच्या दाण्यावर. बारीक घेतला तर थर लवकर तुंबतो, जाड घेतला तर पाणी धड गाळलं जात नाही. तुम्ही किती मिलिमीटरचा वापरता? खरकट्याचं तेलकट पाणी ग्रीस ट्रॅपनंतर (तेल-चरबी अडवणाऱ्या टाकीनंतर) यात सोडावं का? माझ्या मते नको, तेलाने छिद्रं बुजतील. फ्लशच्या टाकीत क्लोरीन किती टाकता? विदर्भात कुठे असा फिल्टर चालू असेल तर सांगा, बघायला येतो.