पुण्याची गर्दी, घटता जन्मदर आणि दोन अपत्यांचा कायदा

कोथरूडकर (चर्चाप्रस्ताव):
रस्ते तुंबले, टँकरचे दर वाढले की ‘दोन अपत्यांचा कडक कायदा करा’ ही मागणी पुण्यात हमखास पुढे येते. माझ्या मते हा ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असा प्रकार आहे. २००१ ते २०११ या दशकात पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे १० लाखांवरून १७ लाखांवर गेली, ती मुख्यतः पोटापाण्यासाठी बाहेरून आलेल्या माणसांमुळे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १९९२-९३ मध्ये एका स्त्रीमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण १.७ झाले, आणि लोकसंख्या दीर्घकाळ स्थिर राहण्यासाठी तर २.१ लागतात.

मुळात आपली संख्या वाढली ती लोक जास्त मुले जन्माला घालू लागले म्हणून नव्हे, तर जन्मलेली मुले जगू लागली म्हणून. प्लेग आणि १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ यांनी १९११ ते १९२१ या काळात देशाची लोकसंख्या किंचित घटवली होती. पुढे साथी आटोक्यात आल्या, लसी आल्या, मृत्युदर उतरला. जन्मदर मात्र बराच मागाहून उतरला, आणि या मधल्या काळात आपण १९५१ च्या ३६ कोटींवरून २०११ मध्ये १२१ कोटींवर गेलो. माझ्या आजीची नऊ बाळंतपणे झाली आणि पाच मुले जगली. आईला तीन मुले झाली व तिन्ही जगली. झालेले मूल हाती लागणार हा भरवसा आला, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले, की जोडपी आपणहून थांबतात. केरळने १९८० च्या दशकाच्या अखेरीस २.१ चा टप्पा सक्तीशिवाय गाठला.

नदीकाठ:
असहमत. १.७ ही महाराष्ट्राची सरासरी झाली. त्याच पाहणीत बिहारचा आकडा ३.० आहे, आणि पुण्यात येणारी माणसे कुठे ना कुठे जन्मलेलीच असतात. शिवाय दर २.१ च्या खाली आला तरी वाढ लगेच थांबत नाही, कारण आईबाप होण्याच्या वयात येणारी तरुण पिढीच मोठी आहे. तोवर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांच्या पाण्यातच शहराची तहान आणि दौंड-इंदापूरची शेती दोन्ही भागवायची आहेत. १९५२ पासून शासनाने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम चालवला, त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण गावोगावी पोहोचवला, त्याचे श्रेयही तुम्ही विसरता. सगळे आपोआप झालेले नाही.

कोथरूडकर:
साधने आणि माहिती पुरवण्याचे श्रेय निःसंशय शासनाचे. माझा आक्षेप सक्तीला आहे. तरुणांची जी मोठी पिढी तुम्ही म्हणता ती जन्मून झाली आहे. कोणताही कायदा तिला लहान करू शकत नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. त्या धाकाचा परिणाम असा झाला की पुढे पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे पाठ फिरवली, ती आजवर.

वाघोलीची आई:
शेवटचे वाक्य अगदी खरे आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ०.३ टक्के होते. पण ‘जोडपी आपणहून थांबतात’ हे मला मान्य नाही. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी एकावर थांबण्याचा निर्णय घेतला, कारण पाळणाघर सात वाजता बंद होते, हिंजवडीहून निघालेली आई तोवर वाकडच्या चौकातच अडकलेली असते, आणि सासू-सासरे गावी असतात. प्रसूतिरजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली, पण त्यानंतरच्या वर्षांचे काय? दक्षिण कोरियात सरकारी अनुदाने असूनही २०२३ मध्ये एका स्त्रीमागे मुलांचे प्रमाण ०.७२ पर्यंत घसरले, यामागे दिवसभराची नोकरी आणि घरकाम दोन्ही बाईच्याच अंगावर असणे हे एक मोठे कारण आहे.

दुसरे म्हणजे, कुटुंब लहान झाले तरी मुलाची हाव गेली नाही. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ उरल्या. दोनचे बंधन कायद्याने घातले, तर पहिली मुलगी असलेल्या घरात दुसऱ्या खेपेला त्या बाईवर काय दडपण येईल, हे नदीकाठ यांनी सांगावे.

नदीकाठ:
गर्भलिंगनिदानाला बंदी आहेच. महाराष्ट्राने तो कायदा १९८८ मध्ये देशात सर्वांआधी केला. त्याची अंमलबजावणी कडक करा. एक कायदा नीट राबवला जात नाही म्हणून दुसरा नकोच, हे मला पटत नाही.

वाघोलीची आई:
८९४ हा आकडा त्या कायद्यानंतर तेवीस वर्षांनी आलेला आहे.